नॉर्वेत ‘दहा अंश’ म्हणजे किती?

नॉर्वेत नव्याने आलात की बँक खातं, ओळख क्रमांक, भाड्याचा करार यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मला तापमानाबद्दल सांगायचंय, कारण दर हिवाळ्यात नवीन मंडळी तिथेच फसलेली पाहतो.

जानेवारीत शेजारी ‘आज दहा अंश’ म्हणाला, तर उणे दहा समजा. इथला माणूस थंडी शून्यापासून खाली मोजत जातो. त्या अंशांना ‘कुल्डेग्राडर’ म्हणतात, थंडीचे अंश. शून्यावरचे ते ‘वार्मेग्राडर’, उबेचे. ‘ग्राड’चं मूळ लॅटिन ‘ग्राडुस’, म्हणजे पायरी. तापमापकालाही रोजच्या बोलण्यात ‘ग्राडेस्टोक’, अंशांची काठी, असंच नाव आहे. शेजारच्या स्वीडनमधल्या आंदेर्श सेल्सियसने १७४२ साली मांडलेल्या पट्टीवर तर पाणी ० अंशांना उकळायचं आणि १०० अंशांना गोठायचं. थंडी वाढली की आकडा चढायचा. पट्टी उलटी झाली ती नंतर.

खिडकीबाहेरच्या ग्राडेस्टोकवर फार विसंबू नका, भिंतीच्या उबेने तो आकडा वर दाखवतो. वाराही बघा: उणे दहा आणि सेकंदाला १० मीटर वारा म्हणजे अंगाला उणे वीस. आतून लोकरीचे कपडे घाला. पुण्याहून आणलेलं जाड जॅकेट इथे पुरत नाही.

पण मला खरी काळजी उणे पंधराची नाही, शून्याच्या आसपासची वाटते. दुपारी बर्फ वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी फुटपाथची काच झालेली असते. बुटांना लावायचे खिळे, ‘ब्रोडर’, पहिल्याच आठवड्यात घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाताळात महिनाभर भारतात जाताना हीटर बंद करू नका. आपल्या लोकांना वीजबिलाची फार धास्ती, म्हणून जाताना सगळी बटणं बंद. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब असंच गेलं. बाहेरच्या भिंतीतला स्वयंपाकघराचा पाइप गोठून फुटला आणि परत आले तेव्हा लाकडी जमीन फुगून वर आली होती. वाचलेल्या विजेच्या कितीतरी पट खर्च झाला. हीटर बंद करू नका, १५ अंशांवर ठेवा. पाण्याचा मुख्य नळ, ‘स्टोप्पेक्रान’, कुठे आहे ते घरमालकाला आजच विचारा आणि निघताना तो बंद करा. सिंकखालच्या कपाटाचं दार मात्र उघडं राहू द्या, म्हणजे खोलीची ऊब पाइपापर्यंत पोचते.