रक्ताची पिशवी आणायला निघालात? मग या चुका टाळा

मी नाशिकमध्ये एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, नाइट ड्युट्याच जास्त असतात. खिडकीवर येणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, रक्त चांगलं आहे ना, एचआयव्ही वगैरे नाही ना?" विचारलंच पाहिजे. पण प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरियाची तपासणी कायद्यानेच करावी लागते. मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती घडते आमच्याकडे नाही तर वॉर्डात, पेशंटच्या उशाशी, सॅम्पलच्या ट्यूबवर नाव लिहिताना.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट, रात्रीचे दोन वाजले असतील. एका हॉस्पिटलातून एकाच माणसाच्या हातात दोन पेशंटचे सॅम्पल आले. दोघी बायका, आडनाव एकच, एकीचं सिझर आणि दुसरीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन. ट्यूबवर नुसतं आडनाव आणि बेड नंबर, बाकी काही नाही. ऑपरेशनवाल्या ताईंचा ग्रुप ए पॉझिटिव्ह आला आणि रजिस्टर चाळलं तर चार महिन्यांपूर्वी त्यांनाच बी पॉझिटिव्ह दिल्याची नोंद. माझे हातच थंड पडले. दोन्ही सॅम्पल परत केले, नवीन मागवले. सोबतचा मुलगा खूप चिडला, आई तिकडे पडलीय आणि तुम्ही कागदं काय बघताय म्हणाला, मी म्हटलं दादा अर्धा तास थांब पण आईचंच रक्त घेऊन ये. नवीन सॅम्पल आलं, बी पॉझिटिव्ह. अदलाबदलच झाली होती.

आता हे नीट समजून घ्या. लोकांना वाटतं क्रॉसमॅच (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळवून बघणं) केलाय म्हणजे चूक होऊच शकत नाही. पण क्रॉसमॅच होतो तो ट्यूबमधल्या रक्ताशी, ट्यूब दुसऱ्याची असेल तर क्रॉसमॅच एकदम व्यवस्थित जुळतो आणि चुकीची पिशवी बरोबर असल्यासारखी बाहेर जाते. त्या ताईंची जुनी नोंद होती म्हणून कळलं, पहिल्यांदाच रक्त लागलं असतं तर कदाचित कळलंही नसतं. आणि ग्रुप चुकला तर थोडंसं रक्त गेलं तरी पेशी फुटायला लागतात, किडनी बंद पडू शकते, जीव जाऊ शकतो. म्हणून सिस्टर रक्त काढतील तेव्हा पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव बोलायला लावा, ते ऐकून तिथेच, बेडजवळच लेबल लिहिलं जातंय का बघा. पूर्ण नाव, आयपीडी नंबर (हॉस्पिटलचा भरती नंबर), तारीख, वेळ आणि काढणाऱ्याची सही. आधीच नावं लिहून ठेवलेल्या ट्यूब नकोत, आणि दोन पेशंटचे सॅम्पल एका खिशात तर नकोच नको.

ह्याच्याच जवळची चूक म्हणजे "लायसन्सवर ओ पॉझिटिव्ह लिहिलंय, तेच द्या, वेळ घालवू नका." कार्ड बघून आम्ही कधीच रक्त देत नाही, ग्रुप परत करतोच, आणि त्यामागे कारण आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला तो साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो, सीरमची (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) उलटी तपासणी केली की मगच फरक कळतो, आणि अशा माणसाला ओ ग्रुपचं रक्तसुद्धा चालत नाही, बॉम्बेच लागतं. घाई मला पण कळते हो, पण ग्रुप आणि क्रॉसमॅच मिळून पाऊण तास ते तास जातोच. ऑपरेशन ठरलेलं असेल तर सॅम्पल आदल्या दिवशीच पाठवा.

पिशवी हातात आली की पुढची चूक रस्त्यात होते. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत पिशवी टाकून द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये उभी असलेली माणसं मी बघितलीत. लाल पेशी आम्ही २ ते ६ डिग्रीला ठेवतो, त्या थर्माकोलच्या बॉक्समध्येच न्यायच्या. आइसपॅक आणि पिशवी यांच्यात कापड किंवा पुठ्ठा हवा, एक काका तर बर्फाचे खडे थेट पिशवीवर ओतून निघाले होते, त्यांना जिन्यावरून परत बोलावलं. पेशी गोठल्या की फुटतात. आणि प्लेटलेटला (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) बर्फ अजिबात नाही, त्या २० ते २४ डिग्रीला सतत हलत्या ठेवाव्या लागतात म्हणून तशाच न्यायच्या. लाल पेशींची पिशवी नेली की ३० मिनिटांत चालू करा, नाहीतर तेवढ्या वेळातच परत आणा. हॉस्पिटलच्या साध्या फ्रिजमध्ये "सकाळी लावू" म्हणून ठेवलेली पिशवी मग कुणाच्याच कामाची राहत नाही.

वॉर्डात पिशवी गरम पाण्यात बुडवू नका. रक्ताच्या लाइनमध्ये सलाइन म्हणजे नॉर्मल सलाइनच, ग्लुकोज नाही, आरएल (रिंगर लॅक्टेट) नाही, आरएलमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात. ४ तासांत पिशवी संपली पाहिजे. पहिली १५ मिनिटं हळू चालवतात, तेवढा वेळ तरी चहाला खाली जाऊ नका, पेशंटजवळ बसा. थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, दम, अंगावर गांधी, लाल-काळपट लघवी, यातलं काहीही दिसलं की आधी सिस्टरला सांगून रक्त बंद करायला लावा, मग डॉक्टरांना बोलवा. ती पिशवी फेकू देऊ नका, नळीच्या सेटसकट आमच्याकडे परत यायला हवी, चूक कुठे झाली ते त्या पिशवीवरूनच शोधावं लागतं.

पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढला की फोन सुरू होतात, "मॅडम, पांढऱ्या पेशी आहेत का?" लोक प्लेटलेटलाच पांढऱ्या पेशी म्हणतात, पण त्या वेगळ्या. फॉर्मवर प्लेटलेटच लिहिलंय ना ते बघून घ्या, आरडीपी (साध्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट) की एसडीपी तेही. एसडीपीसाठी एकच दाता मशीनवर बसतो आणि त्या एका पिशवीने काउंट साधारण ३० ते ५० हजारांनी वाढू शकतो, आरडीपीच्या एका पिशवीने ५ ते १० हजार. आणि खरं सांगू का, काउंट ४० हजार आला म्हणून रात्रभर नाशिकरोड ते पंचवटी पळायची गरज बहुतेक वेळा नसते. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेटचा विचार करतात. डॉक्टरांशी शांतपणे बोला.

"घरच्यांचंच रक्त द्या, ते सेफ" हा तर फार जुना गैरसमज. सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधीकधी पेशंटच्याच शरीरावर उलटतात, ते फार क्वचित होतं पण झालं तर वाचणं अवघड, म्हणून नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर ते इरॅडिएट करावं लागतं, म्हणजे किरणांनी त्या पांढऱ्या पेशी निकामी कराव्या लागतात. आणि मूल व्हायचं असलेल्या बायकोला नवऱ्याचं रक्त शक्यतो नको, पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो. घरच्यांनी रक्तदान जरूर करावं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतं.

व्हॉट्सॲपचं पण सांगते. "अर्जंट बी निगेटिव्ह" असा मेसेज टाकताना तारीख, हॉस्पिटल आणि कोणता घटक हवाय ते लिहा आणि रक्त मिळालं की तिथेच "मिळालं" म्हणून टाका. तारीख नसलेले मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात. पैसे मागणारा डोनर भेटला तर सरळ नाही म्हणा, १९९८ पासून आपल्याकडे पैसे घेऊन रक्त द्यायला बंदी आहे. रक्तपेढी घेते तो प्रोसेसिंग चार्ज, त्याची पावती मागून घ्या.

दात्यांची एक चूक मात्र मला मनापासून लागते. एचआयव्हीची शंका आहे म्हणून फुकट तपासणी होईल या हिशोबाने काहीजण कॅम्पला येतात. लागण नवीन असेल तर टेस्टमध्ये दिसतही नाही आणि ते रक्त पुढे जाऊ शकतं. शंका असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) मोफत आणि गुप्त तपासणी होते, तिकडे जा.

आणि मंडळांना हात जोडून विनंती. जयंतीला सगळ्या नाशिकमध्ये एकाच दिवशी शिबिरं होतात, आमचे फ्रिज ओसंडून वाहतात, पण लाल पेशी ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट फक्त ५. मग मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि थॅलेसेमियाची लेकरं (ज्यांच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही) मात्र दर २ ते ४ आठवड्यांनी येतच असतात. सुरगाण्याहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या आईला "आज नाहीये, उद्या या" म्हणायची वेळ माझ्यावर आलीय. तुमच्या मंडळाचं शिबिर यंदा मे च्या दुसऱ्या आठवड्यात घेता येतंय का, तेवढं बघा.