लाइव्ह रॉकवर नको ते जीव दिसायला लागले तर काय करायचं

लाइव्ह रॉक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत ठेवतात तो जीवजंतू असलेला समुद्री दगड. हा रॉक टाकीत टाकून महिना झालेला असतो, सगळं मस्त चाललेलं असतं आणि एक दिवस दगडाच्या खाचेत नखाएवढं चॉकलेटी फूल दिसतं, देठ काचेसारखा, वर बारीक झिरमिळ्या. माझ्या आजीने टाकीत डोकावून विचारलं होतं, "हाई काय शे रे भाऊ, फूल शे का?" फूल नाही, तो ऐप्टेशिया. डंख मारणारा जीव आहे, शेजारच्या कोरलला, म्हणजे प्रवाळाला, भाजून काढतो आणि महिन्या-दोन महिन्यांत अख्खा रॉक व्यापून टाकतो.

पहिल्यांदा दिसले तेव्हा तीन होते, मी ब्लेडने खरवडून काढले आणि महिन्याभरात वीसच्या वर मोजले. आपल्याकडे काळ्या रानातली हरळी जशी, वखराने तोडली की प्रत्येक कांडी वेगळी फुटते, तसंच हे आहे. बुडाचा एवढासा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. म्हणून खरवडायचं नाही, चिमट्याने ओढायचं नाही, टूथब्रशने घासायचं तर अजिबातच नाही.

माझ्याकडे जे चाललं ते म्हणजे काल्कवासरची पेस्ट, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच. पण पानाच्या डबीतला चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, ऍक्वेरियमसाठीची किंवा लॅबची शुद्ध पावडर घ्या. दोन चमचे पावडर, थेंब थेंब आरओचं पाणी, धिरड्याच्या पिठाएवढं घट्ट झालं की बस. हातात ग्लोव्ह आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पावरहेड (टाकीतलं पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि बाकीचे पंप बंद करा, पाणी थांबू द्या. सिरिंजला बारीक नळी लावून अगदी हळू जवळ जा, कारण सावली पडली की तो आत ओढला जातो आणि मग बसा वाट बघत. उघडा असतानाच तोंडावर पेस्ट सोडा, तो आकसेल, आकसल्यावर वरून अजून थोडी सोडा म्हणजे वर पांढरी टोपी बसल्यासारखी दिसली पाहिजे आणि ज्या भोकात तो लपतो ते भोकही बुजलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मग पंप चालू. एका दिवशी चार-पाचच मारा, जास्त चुना गेला की पीएच एकदम वर जातो आणि मासे धापा टाकायला लागतात, छोट्या टाकीत तर दोन-तीनच. आठवड्याने परत बघा, परत मारा, एका फेरीत हे संपत नाही.

खाणारे जीव सोडायचे असतील तर पेपरमिंट कोळंबी चांगली, पण घेताना नीट बघून घ्या. मला एका दुकानातून पेपरमिंट म्हणून कॅमल कोळंबी दिली गेली, तिच्या पाठीला उंच कुबड असतं, अंगावर ठळक लाल-पांढरी नक्षी असते आणि ती ऐप्टेशिया सोडून कोरलच खाते. पेपरमिंट अर्धवट पारदर्शक असते, बारीक लाल रेघा. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय तर फक्त ऐप्टेशियाच खाते, मिळाली तर उत्तम. कॉपरबँड बटरफ्लाय मासा पण खातो, पण तो फार नाजूक, मोठी जुनी टाकी लागते, फक्त ऐप्टेशियासाठी त्याचा जीव पणाला लावू नका.

आता दुसरी बाजू पण सांगतो कारण घाबरून लोक चांगले जीव मारतात. रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावून बघा, दगडातून गुलाबी-तपकिरी केसाळ किडे निघालेले दिसतील. ते ब्रिसल वर्म, उरलेलं अन्न आणि मेलेलं काय असेल ते खातात, टाकीचे सफाई कामगार आहेत ते, राहू द्या. खूपच वाढले तर तुम्ही खाणं जास्त टाकताय असं समजा. फक्त उघड्या हाताने धरू नका, काटे घुसतात, घुसले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. छोटे पांढरे ऍस्टरिना स्टारफिश, काचेवर पळणारे पॉड म्हणजे बारीक कवचवाले जीव, हे पण बहुतेक निरुपद्रवीच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, कीड मारायची म्हणून रॉक कधीही उकळू नका. गरम पाणी ओतू नका, गॅसवर पातेल्यात ठेवू नका. रॉकवर झोआंथिड किंवा पॅलिथोआ (फुलासारखे दिसणारे, गुच्छाने वाढणारे कोरलसारखे जीव) असेल तर त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयानक विष असू शकतं, उकळून ते मरत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात यामुळे अख्खी कुटुंबं दवाखान्यात भरती झालेली आहेत. आपल्याकडे घरात म्हातारी माणसं, लेकरं एकाच खोलीत असतात, तेव्हा हा प्रयोग नकोच.

खेकडा दिसला तर पंजे बघा. केसाळ अंग आणि काळी टोकं असली तर तो गोरिल्ला क्रॅब, काढलेला बरा. काचेचा गुळगुळीत ग्लास रॉकला तिरका टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेवा, रात्री उतरतो आणि परत चढू शकत नाही. रात्री टिक टिक आवाज येतो आणि गोगलगायी कमी होतायत असं असेल तर मॅन्टिस श्रिम्प असू शकतो. कोणत्या दगडातून आवाज येतो ते शोधा, तो दगड बाहेर बादलीवर धरा आणि भोकात सिरिंजने साधा बिनगोडाचा सोडा मारा, तो बाहेर पडतो. बोट घालू नका, जोरात फटका मारतो.

दगडातून कडक नळी निघालेली आणि तिच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटलेले दिसले तर ती व्हर्मेटिड गोगलगाय. नळीच्या तोंडावर जेलवाला सुपरग्लू लावून बुजवून टाका. हिरव्या मण्यांसारखं बबल अल्गी नावाचं शेवाळ असेल तर न फोडता बुडासकट काढा.

पण खरं काम रॉक टाकायच्या आधीच असतं. समुद्रातून फोडून आणलेला रॉक घेऊ नका, दगड बनवणारे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये आहेत, लफडं पण आहे आणि पाप पण. ड्राय रॉक, म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड, घेऊन आपणच बॅक्टेरिया तयार करणं जास्त चांगलं. दुसऱ्याच्या टाकीतला रॉक घेतला तर आधी जास्त खारट पाण्यात, ग्रॅव्हिटी (खारटपणा मोजायचं माप) १.०३५ च्या आसपास, एखाद मिनिट बुडवून हलवा, खेकडे-किडे बादलीत पडतात. मग वेगळ्या टबात चार ते सहा आठवडे, लाइट चालू, पावरहेड चालू.

आपल्या खान्देशात हे एप्रिल-मेमध्ये करू नका. पारा ४४-४५ ला गेला की टबातलं पाणी ३० च्या वर जातं, त्यात लाइट गेली की संपलं. करायचंच असेल तर टबावर पंखा लावा, बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवा. पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज फक्त आरओचं गोड पाणी टाकून ग्रॅव्हिटी १.०२५ ला आणा, बोअरचं पाणी नको. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की लगोपाठ तीन रात्री टॉर्च मारून प्रत्येक खाच बघा, नको तो जीव दिसला नाही तर चौथ्या दिवशी रॉक मेन टाकीत टाका.