एन्क्रिप्टेड नोट्सचं अ‍ॅप उबुंटू 24.04 वर असं चालू झालं

अ‍ॅपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी एकच फाइल) उतरवली, चेकसम (फाइल मूळचीच आहे ना, हे तपासण्याचा आकडा) जुळवला, चालवण्याची परवानगी दिली. तरी डबल क्लिक केल्यावर काहीच होईना. टर्मिनलमधून चालवल्यावर कारण कळलं: लिबफ्यूज 2 नाही. ही फाइल स्वतःलाच डिस्कसारखी माउंट करते, म्हणजे सिस्टिमला जोडते, त्यासाठी ती जुनी लायब्ररी लागते. इथे पॅकेजचं नाव लिबफ्यूज2टी64 आहे. नुसतं ‘फ्यूज’ हे पॅकेज मात्र इन्स्टॉल करू नका, त्यापायी आधीपासून असलेली नवी आवृत्ती फ्यूज3 निघून जाते आणि डेस्कटॉपचे भागही सोबत जाऊ शकतात!

मग सँडबॉक्सची, म्हणजे अ‍ॅपला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाची, एरर आली. हे कुंपण बंद करणारा ‘नो-सँडबॉक्स’ पर्याय लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. खाजगी नोंदींच्या अ‍ॅपला मी तो कधीच लावणार नाही. त्याऐवजी अ‍ॅपआर्मर या उबुंटूच्या सुरक्षा यंत्रणेची छोटी प्रोफाइल (परवानग्यांची फाइल) लिहून फक्त त्याच फाइलला यूजर नेमस्पेसची (सँडबॉक्सला लागणाऱ्या वेगळ्या कप्प्याची) मुभा दिली, प्रोफाइल लोड केली, आणि अ‍ॅप सँडबॉक्ससकट उघडलं.