बाथच्या जुन्या घरासाठी मॉर्गेज ब्रोकर निवडताना

इंग्लंडमधल्या बाथ शहरात जुनं घर घ्यायचं म्हणजे कर्ज देणारा दोघांची झडती घेतो, तुमची आणि घराची. पगार, व्हिसा, क्रेडिट हिस्टरी सगळं चोख असलं तरी घरावरून घोडं अडू शकतं. त्यामुळे मॉर्गेज ब्रोकरचं, म्हणजे घरकर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, ऑफिस तुमच्या गल्लीत आहे की नाही, याला मी फारसं महत्त्व देत नाही. अशा घरांची कर्जं त्याने आधी पार पाडली आहेत का, एवढं मी बघते.

त्याच्याकडे जाण्याआधी घराची कुंडली स्वतः काढा. ऐतिहासिक वास्तूंचं काम बघणाऱ्या 'हिस्टॉरिक इंग्लंड' संस्थेच्या संकेतस्थळावर 'नॅशनल हेरिटेज लिस्ट' आहे. पत्ता टाकला की घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, आहे का, असल्यास कुठल्या ग्रेडचं (ग्रेड वन सर्वांत वरची), ते फुकट कळतं. लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त नुसत्या ग्रेड टू असतात आणि त्यांना बऱ्याच बँका हरकत घेत नाहीत. ग्रेड टू स्टार आणि ग्रेड वन म्हटलं की पर्याय आटतात. रॉयल क्रेसेंट ही बाथमधली कमानीसारखी वळलेली प्रसिद्ध घरांची रांग ग्रेड वन आहे. तिथला फ्लॅट बघून हरखून गेलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. इथल्या बऱ्याच जॉर्जियन (साधारण अठराव्या शतकातल्या) घरांचे मजल्यागणिक फ्लॅट केलेले आहेत, म्हणून लीझची (ठरावीक मुदतीच्या हक्काची) किती वर्षं उरली, जमीनमालकाला द्यायचा ग्राउंड रेंट किती, फ्रीहोल्डमध्ये (जमीन-इमारतीच्या कायमच्या मालकीत) वाटा मिळतो का, हे एजंटकडून लेखी घ्या.

आता नावं कुठून मिळवायची? जुन्या घरांचे सर्व्हे करणारा सर्व्हेअर आणि त्याच भागातली कामं करणारा सॉलिसिटर, हे दोघे मला सर्वांत भरवशाचे वाटतात. त्याच रांगेतल्या घरात राहणाऱ्यांना विचारायलाही लाजू नका. इस्टेट एजंट मात्र आपला ब्रोकर पुढे करतोच. "आधी आमच्या माणसाशी बोला, मग ऑफर पुढे पाठवू" अशी अट त्याला घालता येत नाही. बोलायला हरकत नाही, पण तुमची झेप कुठवर आहे तो आकडा त्या ऑफिसात उच्चारू नका. एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो.

नाव मिळालं की 'फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी' या आर्थिक व्यवसायांच्या नियामक संस्थेच्या रजिस्टरवर तपासा. फर्मचा रेफरन्स नंबर तिथे सापडला पाहिजे, आणि फोन करायचा तो रजिस्टरवरच्या नंबरावर, कारण खऱ्या फर्मच्या नावाने फसवणारे असतात. 'अपॉइंटेड रिप्रेझेंटेटिव्ह' असं लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका; तो दुसऱ्या मोठ्या फर्मच्या छत्राखाली काम करतो, इतकंच.

फीचं आधीच स्पष्ट करून घ्या. कर्ज देणारी संस्था ब्रोकरला सहसा कमिशन देते. वर काही ब्रोकर तुमच्याकडूनही घेतात. घेऊ देत, पण किती आणि केव्हा? कर्जाची ऑफर हातात येण्याआधी पैसे मागणाऱ्याला मी नमस्कार करून उठते. तो सगळ्या बाजारातून कर्ज शोधतो की ठरावीक संस्थांमधूनच, हेही विचारा.

मग खरा प्रश्न: "या पत्त्यासाठी तुम्ही कुठल्या बँकेकडे जाणारच नाही, आणि का?" जाणकार माणूस यावर लगेच बोलायला लागतो. आमच्या ब्रोकरने पहिल्या भेटीत व्याजदराचा विषयच काढला नाही. त्याने विचारलं, फुटपाथखालची व्हॉल्ट (तळघराची कोठडी) लीझमध्ये आहे का? बाथमधल्या बऱ्याच जुन्या रस्त्यांखाली अशा कमानदार कोठड्या आहेत, एके काळी कोळसा ठेवायच्या. त्या कोणाच्या मालकीच्या, ओल कुठवर आली आहे, कोणी तिथे परवानगीशिवाय बाथरूम काढलंय का, हे त्याने खोदून खोदून विचारलं. लिस्टेड घरात विनापरवाना बदल करणं गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं निस्तरायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. बाथच्याच कूम डाउन भागात घर बघत असाल तर तिथल्या जुन्या दगडखाणींबद्दल विचारा. त्या फोम काँक्रीटने भरून घेतल्या आहेत, पण हे ज्याला ठाऊकच नाही त्याला इथला ब्रोकर म्हणवत नाही. मोठ्या बँकेचा कॉम्प्युटर नाही म्हणतो तिथे बाथ बिल्डिंग सोसायटीसारख्या छोट्या संस्थेत माणूस फाइल वाचतो, हेही त्याने स्वतःहून सांगायला हवं.

भारतातून इथे आलेल्या आपल्या लोकांसाठी आणखी थोडं. व्हिसावर असाल तर प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे: कुणाला इथलं वास्तव्य जास्त लागतं, कुणाला डिपॉझिट, म्हणजे घराच्या किमतीतली स्वतः भरायची रक्कम. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथल्या मतदार यादीत नाव घालू शकतात. घाला, क्रेडिट फाइलला मदत होते. आईवडिलांनी पैसे दिले असतील तर ते परत मागणार नाहीत असं पत्र आणि तिकडचे बँक स्टेटमेंट आधीच जमवा.

आणि पुण्यातला फ्लॅट लपवू नका. जगात कुठेही घर नावावर असलं, त्यातला तुमचा वाटा ४०,००० पाउंड किंवा जास्त किमतीचा असला, तर इथलं घर दुसरं धरलं जातं. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३,५०,००० पाउंडांच्या घरावर पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला २,५०० पाउंड स्टॅम्प ड्यूटी पडते. पुण्यात फ्लॅट असणाऱ्याला २५,०००. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असला तरी तेच. हिशेब सॉलिसिटर करेल, पण ब्रोकरने पहिल्या भेटीत हे विचारलं नाही तर तुमचं डिपॉझिट किती उरणार हे त्याला कळणार कसं?

व्हॅल्युएशन, म्हणजे घराची किंमत ठरवणारी तपासणी, बँकेसाठी असतं. स्वतःसाठी लेव्हल थ्री, म्हणजे सर्वांत सविस्तर, सर्व्हे वेगळा करून घ्या. जुन्या दगडी घराला त्याखालचा पुरत नाही. छप्पर किंवा ओल बघून बँक कधीकधी दुरुस्ती होईपर्यंत कर्जातली काही रक्कम अडवून ठेवते. तसं झालं तर फोन कोण उचलणार, ब्रोकर स्वतः की त्याच्या ऑफिसातली दुसरी कोणी व्यक्ती, हे सही करण्याआधी ब्रोकरला विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.