पावसाआधी सल्ला: सुरूची रांग वाळूच्या टेकडीवर नको

पाऊस तोंडावर आला की किनाऱ्यालगतचे बागायतदार रोपांच्या मागे लागतात. खारा वारा अडवायला सुरूचं झाड हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रांग बांधाकडेच्या घट्ट जमिनीत लावा. वाळूची टेकडी मोकळी दिसते म्हणून तिथे खड्डे काढू नका.

ती मोकळी नसतेच. उधाण टेकडीची वाळू ओढून नेतं, समुद्र निवला की लाटा ती परत आणतात, वारा वर चढवतो आणि मर्यादवेल आणि रावणाची मिशी हे गवत ती धरून ठेवतात. वेल वाळूत गाडली गेली तरी पेरापेराला मुळं सोडून वर येते. सुरूखाली मात्र तिला ऊन मिळत नाही, आणि गळलेल्या सुयांचा थर जमिनीवर साचत जातो. लाटांनी पायथा खाल्ला की उथळ मुळांचं ते झाड आडवं होतं आणि टेकडीचा लचका तोडूनच पडतं. फ्लोरिडात हा बाहेरून आणलेला सुरू समुद्री कासवांच्या घरट्यांनाही आडवा आला.

वाळू जास्त घट्ट धरणारं झाडही घातकच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर युरोपातलं मॅरम गवत वाळू थोपवायलाच लावलं होतं. त्याने उंच, उभ्या चढाची टेकडी रचली, मागे वाळू पोचेना आणि उघड्या वाळूत अंडी घालणाऱ्या चिखल्या (प्लोव्हर) पक्ष्यांची जागा गेली.

शेणखत टेकडीवर टाकू नका. शेतकऱ्याला हे उलटं वाटेल, पण तिथली झाडं उपाशी वाळूतच टिकतात. पोर्तुगालमध्ये ऑस्ट्रेलियन बाभळीने वाळूत नत्र साठवलं, आता ती तोडली तरी तिथे तणच माजतं.

टेकडीवर आपोआप उगवलेली सुरूची रोपं पहिल्या सरींनंतर, वाळू ओली असताना हाताने उपटा. मोठं झाड मुळासकट काढू नका, बुंध्यातून कापा आणि मुळं तशीच राहू द्या. उघड्या पडलेल्या जागी मर्यादवेलीचे चार-पाच पेरांचे तुकडे आडवे पुरा, दोन पेरं वर ठेवा. बी लावायचं तर टणक साल खरवडून घ्या, नाहीतर महिनोन्‌महिने रुजत नाही. किनाऱ्याकडे जायला एकच पायवाट ठेवा आणि वेल पसरेपर्यंत गुरं तिकडे सोडू नका.