कम्युनिटी रेडिओवर स्वतःची श्रुतिका करताय? हे आधी वाचून घ्या

आधी पैशाचं बोलून घेतो म्हणजे नंतर कोणाचा गैरसमज नको. पैसे नाहीत. कम्युनिटी रेडिओला आता तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदाला ७४ रुपये झालाय, पण त्यातून वीजबिल आणि ट्रान्समीटरची डागडुजी निघाली तरी स्टेशनवाले खूश असतात, नाटकवाल्यांच्या वाट्याला चहा आणि भडंग. ज्यांना यातून पुढे डबिंग, ऑडिओबुक, पॉडकास्टमध्ये जायचंय त्यांना मात्र इथला सराव खरंच कामाला येतो, कारण इथे लिहायचं, बोलायचं, आवाज काढायचे, एडिट करायचं सगळं तुम्हालाच पडतं. आणि हो, मोठ्या नाटककाराचं तयार नाटक उचलू नका. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, परवानगीच्या मागे फिरण्यात हंगाम जाईल. स्वतःचंच लिहा, कच्चं असलं तरी चालेल. तसंही कम्युनिटी रेडिओच्या नियमात निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर केलेले लागतात, त्यामुळे स्टेशनला तुमची गरज आहे, ताठ मानेने जा.

लिखाणाचं फार सांगत नाही, बेसिक तुम्हाला माहीत असणार. पंधरा मिनिटांच्या भागाला साधारण दीड हजार शब्द पुरतात, संगीत आणि थांबे धरून. एका प्रसंगात चारच्या वर आवाज नको, त्यात दोन बायका सारख्याच वयाच्या असतील तर ऐकणारा गोंधळलाच. "अरे, तुझ्या हातात ही लाल पिशवी कसली?" छाप, दिसणारी गोष्ट ऐकणाऱ्याला सांगायला मुद्दाम घातलेली वाक्यं दिसली की खोडा. आपल्याकडे एक सोय भारी आहे, नातं हाकेतच कळतं. एकीने "वन्सं" म्हटलं की ती भावजय, समोरची नणंद, विषय संपला, ओळख करून द्यायला वेगळं वाक्य लागत नाही.

पण आडनावं टाळा. हे मी कळकळीने सांगतोय. आपली रेंज दहा-पंधरा किलोमीटर, ऐकणारे सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्ही मनाने रचलेला दारुड्या पोस्टमन लिहिला तरी दुसऱ्या दिवशी खऱ्या पोस्टमनचा मेहुणा स्टेशनच्या दारात उभा. सरपंच लिहायचा असेल तर गावाचं नाव काल्पनिक ठेवा, पक्षबिक्ष काढू नका, राजकीय प्रचार चालतच नाही आपल्या परवान्यात. तरी लोक ओळखतातच म्हणा. ओळखू देत, फक्त पुरावा देऊ नका.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त मार जिथे बसतो ती जागा म्हणजे मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज (स्टिरिओ) न राहता सगळं एकत्र होऊन एकच आवाज. हे जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा, कारण आमचा एक अख्खा भाग यात वाया गेलाय आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

तुम्ही एडिट करणार हेडफोन लावून. हेडफोनला दोन कान, म्हणून बैलगाडी डावीकडून उजवीकडे नेताना जाम मजा येते. ऐकणारा ऐकतो एका स्पीकरवर. जुना सेट असो नाहीतर मोबाइल, इअरफोनची वायर अँटेनासाठी खुपसलेली आणि आवाज स्पीकरवर टाकून फोन चुलीपाशी ठेवलेला. त्यात एफएमची गंमत अशी की स्टेशन मुख्य सिग्नलमध्ये डावं अधिक उजवं अशी बेरीज पाठवतं, आणि दोघांतला फरक वेगळा, ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे त्याच सिग्नलच्या आतल्या दुसऱ्या लहरीवर, बसवून पाठवतं. सिग्नल कमजोर झाला की त्या फरकात खरखर वाढते म्हणून बरेच सेट तो कमी करतात किंवा सोडूनच देतात आणि नुसती बेरीज ऐकवतात. आपला ट्रान्समीटर ५० वॉटचा, टॉवर जास्तीत जास्त ३० मीटर, म्हणजे लांबच्या वस्तीवर सिग्नल कमजोर असणारच. तुमची बैलगाडी तिथे कुठूनच कुठे जात नाही, एका जागी खडखडते.

इथपर्यंत ठीक, बैलगाडी गेली तर गेली. खरा घात पुढे आहे. दोन माइक लावून स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं आणि त्यातल्या एका केबलीचं सोल्डरिंग उलटं झालं असेल, माइकच्या तीन पिनांच्या प्लगमधली दोन नंबर पिनची वायर तीनला, तर एका बाजूचा आवाज उलटा येतो. म्हणजे डाव्या बाजूची लाट वर जाते तेव्हा उजवीची खाली. हेडफोनवर काहीही बिघडलेलं वाटत नाही, उलट आवाज मोठा, पसरलेला, सिनेमासारखा वाटतो, आपण खूश. आणि बेरीज झाली की अधिक आणि उणे मिळून शून्य. आमच्या भागात आजी दोन्ही माइकच्या बरोबर मधे बसून बोलत होती. स्टुडिओत एक नंबर. वस्तीवर कोंबड्या ऐकू आल्या, नळ ऐकू आला, सूनबाई "हो आत्याबाई, बरोबर आहे आत्याबाई" म्हणताना ऐकू आली, आजी गायब. लोकांना वाटलं सुनेला भास होतायत. काहींना तर ते आवडलं, भुताची गोष्ट समजून पुढचा भाग कधी म्हणून फोन आले.

केबल नीट असली तरी एडिटिंगमधले आवाज पसरवणारे जे इफेक्ट असतात, वाइडनर वगैरे, ते थोड्या प्रमाणात हेच करतात. म्हणून हातच लावू नका. उपाय सोपा आहे, घाबरू नका. संवाद एकाच माइकवर, मोनोमध्ये रेकॉर्ड करा. काम संपलं की ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टिरिओचं मोनो करून बघा, एखादा आवाज पातळ पडला किंवा गायब झाला तर स्टिरिओ ट्रॅक दोन मोनो ट्रॅकमध्ये तोडायचा, एकाला इन्व्हर्ट मारायचा, म्हणजे त्याची लाट उलटी करायची, परत ऐकायचं. मग तीच फाइल फोनच्या स्पीकरवर लावून स्वयंपाकघरात जा, मिक्सर चालू करा आणि बाजूच्या खोलीतून ऐका. संवाद कळला तर पास. ढगांचा गडगडाट फोनच्या छोट्या स्पीकरला झेपत नाही, खालचा घुमार येतच नाही, तिथे कडाडल्याचा आवाज वापरा.

डावं-उजवं गेलं म्हणून नाटक सपाट होत नाही. जवळ-लांब आहे ना. ते मोनोत शाबूत राहतं आणि खरं सांगायचं तर तेच रेडिओ नाटकाचं हत्यार आहे. पण लांबून येणारा माणूस म्हणजे फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली करणं नव्हे, नटाला खरंच चार पावलं मागे पाठवा, तोंड फिरवायला लावा, बोलत बोलत पुढे येऊ दे. मनातलं बोलणं माइकला चिकटून, हळू. एवढ्यावर अर्धं नाटक उभं राहतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. नेटवरून उचललेले इफेक्ट नकोत. हक्काचा प्रश्न आहेच, पण शिवाय त्यातले पक्षी परदेशी, पोलिसांचा भोंगा परदेशी, दार तर असं करकरतं की आत सरंजामदार राहतोय. आपलं दार म्हणजे कडी, कोयंडा, आणि उंबऱ्यावर आपटलेली बादली. जाऊन रेकॉर्ड करा. सुपात तांदूळ घोळवले की पाऊस, वेफर्सचं रिकामं पाकीट माइकजवळ चुरगाळलं की जाळ, गाजर मोडलं की हाड. प्रत्येक जागेची मिनिटभर नुसती शांतताही घ्या, एडिटमध्ये ठिगळ लावायला लागते. स्टुडिओ म्हणजे गोधड्या टांगलेली खोली, पंखा बंद, बांगड्या काढून, स्क्रिप्टला स्टेपल न मारता सुटी पानं. घरघर नको म्हणून शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद केलात तर गाडीची चावी त्यात ठेवा, चावी घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही म्हणून फ्रिज चालू करायची आठवण राहते.

गुरू कोण करावा? राज्य नाट्य स्पर्धा गाजवलेले सर भेटतील, आदर ठेवा, पण माइकसमोर त्यांना आणू नका. ते शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकवतात, इथे शेवटची रांग एक वीत अंतरावर आहे. त्यापेक्षा आकाशवाणीचे ग्रेडवाले नाट्यकलाकार शोधा, बी हाय असो नाहीतर ए, स्वरचाचणी देऊन आलेली माणसं. भाषा शुद्ध करायला लागतील, तिथे गोड बोलून टाळा. श्वास कुठे घ्यायचा, पान कसं फिरवायचं, हे मात्र त्यांच्याकडूनच शिका. आमच्याकडे एक काकू आहेत, त्यांनी अर्ध्या तासात जे दुरुस्त केलं ते आम्हाला वर्कशॉपमध्ये कधी कळलं नव्हतं.

माणसं सोडून जाणार हेही धरून चाला. सुगी आली, परीक्षा आली, लग्नं सुरू झाली की तुमचा हिरो गेला. राग धरू नका, फुकट येतायत. प्रमुख पात्राचे सगळे भाग एक-दोन बैठकांत उरकून घ्या, आणि मालिका अशी लिहा की एखादं पात्र मुंबईला कामाला गेलं तरी चालेल. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी स्टेशनं २००८ पासून चालू आहेत, म्हणजे असल्या माणसांच्या जोरावर इतकी वर्षं निघतात.

एक राहिलं. बऱ्याच स्टेशनांत ऑटोमेशन सॉफ्टवेअर असतं, काही सेकंद आवाज आला नाही की त्याला वाटतं प्रसारण बंद पडलं आणि ते स्वतःहून गाणं लावतं. तुमच्या नाटकात बाप मेल्याची बातमी कळल्यावरचा लांब थांबा असेल, तर त्यात उडत्या चालीचं गाणं सुरू होऊ शकतं. म्हणून थांब्याखाली ती रेकॉर्ड केलेली खोलीची शांतता किंवा लांबचं कुत्रं टाका. आणि ड्यूटीवरच्याला ती सेटिंग तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा, तोंडी नको, लॉगबुकात लिहून, कारण तोंडी सांगितलेलं ड्यूटी बदलली की संपलं.