आधी पट्टी, मग अर्थ

प्राचीन कला शिकायची म्हणून पुरातत्त्वाच्या एम.ए.ला येणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा मोहेंजोदडोची नर्तकी असते. पुस्तकात पानभर दिसणारी ही ब्राँझची मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, हे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिच्यासमोर उभं राहिल्यावरच खरं वाटतं. म्हणून फोटो बघताना आधी शेजारची मापाची पट्टी बघा. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचं कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर. 'धार्मिक स्नान' हा तर्क झाला, डांबर मात्र डोळ्यांनी दिसतं. उत्तरपत्रिकेत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

खरं शिक्षण खापरांत आहे. काठाचा बोटभर तुकडा एककेंद्री वर्तुळांच्या कागदावर टेकवायचा, कुठल्या वर्तुळाशी जुळतो ते पाहायचं, की भांड्याच्या तोंडाचा व्यास मिळतो. मग ग्राफ पेपरवर छेद काढायचा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू! पण महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या लाल भांड्यांवरच्या काळ्या नक्षीत कारागिराचा हात कुठे थबकला, हे चित्र काढतानाच कळतं.

वास्तुकला म्हणजे मंदिरं-राजवाडे, असं समजणाऱ्यांनी शिरूरजवळच्या इनामगावचा अहवाल वाचावा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदलं. आधीच्या जोर्वे काळात ऐसपैस चौकोनी घरं, उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी या बदलामागे कोरडं होत गेलेलं हवामान आणि त्यातून आलेली गरिबी पाहिली. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत लहान मुलांची दफनं. एवढं सगळं खांबांचे खळगे, चुली आणि जमिनींचे थर नोंदल्यामुळे कळलं.

उलट महाराष्ट्रातलंच दायमाबाद बघा. १९७४ साली झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असे चार ब्राँझचे पुतळे सापडले. देखणे, वजनदार. पण ते शास्त्रीय उत्खननात थरातून निघालेले नाहीत, त्यामुळे काळाचा वाद झाला. काहींनी ते उत्तर हडप्पा काळातले मानले. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवालांनी धातूतलं आर्सेनिक पाहून ते बरेच नंतरचे असू शकतात, असं मांडलं. माझ्या मते पहिल्या वर्षाला शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पदवी कुठल्या शाखेची, याची फार काळजी नको. आमच्या वर्गात कॉमर्सवालेही होते. नोकऱ्या मात्र थोड्या. नेट परीक्षा देऊन प्राध्यापकी, संग्रहालयं, पुरातत्त्व खात्याच्या जागा, आणि मधली वर्षं प्रकल्पांवर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. साइटवर सगळ्यांना खड्ड्यात उतरायचं असतं. तुम्ही पहिल्या हंगामात पॉटरी यार्ड, म्हणजे खापरं धुऊन वेगळी करायची जागा, मागून घ्या: गर्दी नसते, आणि खापरं धुता धुता सीनियर बरंच शिकवतात.